आधीच्या मालकाने बदललेले सस्पेन्शन: ओळखा, मोजा, मग पाना लावा

नागपुरात जुनी गाडी घेताना लोक इंजिन ऐकतात, क्लच दाबून पाहतात, रंगाखाली पुटी भरली आहे का ते बोटांनी ठोकून बघतात. गाडीखाली वाकून सस्पेन्शन पाहणारे फार थोडे. आणि इथल्या बाजारात येणाऱ्या कितीतरी गाड्यांचे सस्पेन्शन मूळचे राहिलेले नसते. ताडोबा, पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या सफारीत राबलेली जिप्सी असो, काटोलकडे संत्र्याच्या पेट्या वाहिलेली बोलेरो असो, डिक्कीत सीएनजीची टाकी घेऊन फिरलेली डिझायर असो की एखाद्या हौशी पोराने खाली बसवलेली पोलो असो, आधीच्या मालकाने आपल्या गरजेप्रमाणे तिच्यात काहीतरी बदललेले असते. ती गरज त्याच्यासोबत गेली, बदल मात्र गाडीबरोबर तुमच्याकडे आला.

बदललेले सस्पेन्शन म्हणजे वाईट सस्पेन्शन नव्हे. चांगल्या कंपनीचे शॉकअप नीट बसवलेले असतील, तर खराब रस्त्यावर ते मूळच्यापेक्षा सरस चालतात. फक्त ते नेमके काय आहे हे कळेपर्यंत त्याला पाना लावू नये. ‘गाडी उडते, जरा टाइट करून द्या’ असे सांगून गाडी गॅरेजात सोडणे हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण उंची, स्प्रिंगचा कडकपणा आणि शॉकअपचा कडकपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ‘टाइट’ या एका शब्दात त्या तिन्ही मिसळून जातात.

तयारी

टेप, टॉर्च, जाड मार्कर, वही, नायलॉनचा ब्रश, जॅक, किमान दोन जॅक स्टँड आणि चाकांना लावायला लाकडी ठोकळे एवढे जमवा. रिंगवाले सस्पेन्शन निघाले तर त्याचा सी-पाना लागेल. टॉर्क पाना स्वतःचा नसेल तर शेवटचे बोल्ट आवळण्यासाठी तरी कुणाचा तरी मागून आणा.

जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका, स्टँड लावूनच शिरा. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हे काम नकोच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की डांबर मऊ पडते आणि जॅकचा पाय त्यात रुततो. सिमेंटची जागा नसेल तर जॅकखाली जाड फळी घ्या. आणखी एक गोष्ट: स्ट्रटच्या माथ्यावरचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय कधीही सोडू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. ते काम सामग्री असलेल्या गॅरेजचे आहे आणि या लेखातल्या एकाही पायरीला त्याची गरज नाही.

आधी उंची

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा आणि दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर दिलेल्या आकड्यावर आणा. टायरचा आकारही त्या स्टिकरशी जुळवून बघा. आकार वेगळा असेल तर तो पहिला सुगावा.

मग गाडी सपाट जागी उभी करा. अपार्टमेंटचे पार्किंग सपाट दिसते, पण पाणी वाहून जावे म्हणून त्याला उतार दिलेला असतो. गवंड्याची पाणसळ मिळाली तर उत्तम. नाही तर एक सोपी युक्ती आहे: चारही कोपरे मोजा, गाडी वळवून त्याच जागी उलट्या तोंडाने उभी करा, पुन्हा मोजा आणि दोन्ही मापांची सरासरी घ्या. प्रत्येक वेळी मोजण्याआधी गाडी चार-पाच फूट पुढे-मागे ढकलायची, म्हणजे टायर मोकळे होऊन सस्पेन्शन आपल्या जागी बसते.

माप घ्यायचे ते चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, सरळ उभे. जमिनीपासून मोजले तर टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते. चारही आकडे मिलिमीटरमध्ये लिहा. त्याच वर्षाची, त्याच मॉडेलची, काहीही न बदललेली गाडी शेजारीपाजारी किंवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये सापडतेच. तिच्या मालकाला विचारून तिचीही मापे घ्या. इंटरनेटवरच्या ग्राउंड क्लिअरन्सच्या आकड्यापेक्षा ही तुलना जास्त कामाची.

डाव्या-उजव्या बाजूत दहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसलेली, तुटलेली किंवा वेगवेगळी आहे, किंवा अपघातात काहीतरी वाकले आहे. मागची बाजू मूळच्यापेक्षा तीस मिलिमीटर वर आणि पुढची जागच्या जागी असेल, तर स्प्रिंगमध्ये बफर नाही तर एखादा जादा पाटा सापडण्याची शक्यता दाट.

खाली काय बसवले आहे

आता टॉर्च घेऊन एकेका चाकाजवळ बसा. घाई करू नका, सगळ्यात महत्त्वाचे काम हेच आहे.

स्प्रिंगपासून सुरुवात करा. कंपनीची स्प्रिंग साधारणपणे काळी असते आणि तिच्यावर ओळखीसाठी रंगाचे एक-दोन ठिपके असतात. पूर्ण लाल स्प्रिंग आयबाखची असू शकते, हिरवी टाइनची. पण रंगावर विसंबू नका, कारण रंगाचा डबा कुणीही विकत घेऊ शकतो. ब्रशने माती झाडा आणि छापलेला नंबर शोधा. नंबर सापडला की त्या कंपनीच्या यादीवरून ती स्प्रिंग कोणत्या गाडीची, किती कमी-जास्त उंचीची, हे कळते.

स्प्रिंगचे टोक मुद्दाम पाहा. कारखान्यातून येणारे टोक बैठकीत नीट मावते. कापलेल्या स्प्रिंगचे टोक उघडे, धारदार दिसते आणि बैठकीत अधांतरी राहते. गॅस कटरने कापली असेल तर टोकाजवळ जळाल्याच्या निळसर-काळ्या खुणा असतात. त्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरलेले असते आणि अशी स्प्रिंग खड्ड्यात मोडू शकते. तिच्याबाबत ॲडजस्टमेंटचा विचारच नको, ती बदलायची.

टॅक्सी म्हणून चाललेल्या आणि सीएनजीच्या गाड्यांत स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबराचे किंवा पारदर्शक प्लास्टिकसारखे बफर दिसतात. विदर्भातच काय, देशभर हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त आढळणारा बदल आहे. बफर बसलेला वेढा दबत नाही, म्हणून गाडी वर राहते, पण तेवढी स्प्रिंग निकामी होते आणि उरलेल्या वेढ्यांवर जास्त ताण येतो. माझे मत विचाराल तर काढून टाका. बफर काढल्यावर गाडी मागून बसत असेल, तर दुखणे थकलेल्या स्प्रिंगचे आहे, आणि टाकीचे वजन कायमचे असेल तर त्या वजनाला साजेशी स्प्रिंग घ्यावी.

स्ट्रटच्या माथ्यावर किंवा स्प्रिंगच्या बैठकीखाली ॲल्युमिनियमची अथवा जाड प्लास्टिकची चकती दिसली तर तो स्पेसर. त्याने गाडी उंच होते, मात्र स्पेसर बैठकीखाली असेल तर शॉकअप मूळचाच राहिल्याने चाक खाली लोंबण्याची जागा कमी होते. गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘टक्’ आवाज येत असेल, तर शॉकअप आपल्या टोकाला जाऊन आपटतो आहे.

पाट्यांची गाडी असेल तर पाटे मोजा. एखाद्याचा गंज वेगळा, जाडी वेगळी, रंग ताजा असेल तर तो नंतर घातलेला. यू-बोल्ट नटाच्या बाहेर फार लांब आले आहेत का, शॅकल लांबवले आहेत का, एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा आहे का, हे तपासा. मागच्या एक्सलवर ठोकळा एक वेळ चालेल. पुढच्या एक्सलवर तो दिसला तर गाडी घेऊ नका, घेतली असेल तर तो काढेपर्यंत चालवू नका, कारण ब्रेक मारताना सगळा जोर त्याच ठिकाणी येतो. जिप्सीत मूळचे पाटे चारही बाजूंना एक्सलच्या खालून जातात. ते एक्सलच्या वर चढवून गाडी चार-पाच इंच उचलण्याची पद्धत हौशी मंडळींत आहे. असे काम दिसले की पुढच्या स्टिअरिंग रॉडचा कोन आणि एक्सलवरचे वेल्डिंग जाणत्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२०१० ते २०२० दरम्यानच्या सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बार आहेत. तिथे स्प्रिंग शोधून सापडणार नाही. चेसिसला समांतर जाणारी पोलादी सळई आणि तिच्या मागच्या टोकाचा ॲडजस्ट बोल्ट, एवढेच दिसेल. बोल्टाचे आटे दोन्ही बाजूंना सारखे बाहेर आहेत का ते बघा. २०२० च्या ऑक्टोबरपासूनच्या थारमध्ये पुढे-मागे कॉइल स्प्रिंग आहेत.

आता शॉकअप. गॅब्रिएल किंवा मन्रो लिहिलेले दिसले तर चिंता नको, ते साधे बदली शॉकअप असण्याचीच शक्यता जास्त. गॅब्रिएल तर गाडी कंपन्यांनाही माल पुरवते. पिवळे बिल्स्टीन बी-६ किंवा बी-८ असतील तर उत्तम माल आहे, पण त्यावर कडक-नरम करणारा नॉब शोधत बसू नका, तो नसतोच. कोनीच्या काही मॉडेलना ॲडजस्टमेंट आहे पण नॉब नाही. शॉकअप उतरवून, रॉड पूर्ण खाली दाबून फिरवावा लागतो. ज्यांना नॉब असतो तो बॉनेटखाली स्ट्रटच्या माथ्यावर किंवा शॉकअपच्या खालच्या टोकाला असतो. त्यावर सहसा बाण आणि ‘हार्ड-सॉफ्ट’ लिहिलेले असते.

शॉकअपवर तेलाचा पुसटसा ओलसर थर असणे चालते. थेंब ओघळून त्यावर माती चिकटलेली असेल तर तो संपला. रबराचे आवरण वर सरकवून रॉडही बघा, त्यावर चरे असतील तर सील फार दिवस टिकणार नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात आधी जातात ती रबरेच. बुश, माउंटिंग, बंप स्टॉप यांना बोट लावून तडे तपासा. बंप स्टॉप गायब असणे हे खाली केलेल्या गाड्यांत नेहमीचे आहे आणि ते अजिबात चालवून घेऊ नये.

शेवटचा प्रकार कॉइलओव्हर. शॉकअपच्या अंगावर आटे पाडलेले असतात आणि त्यावर दोन किंवा तीन रिंगा. दोनच असतील तर वरची स्प्रिंगची बैठक आणि खालची तिला जखडणारी. तिसरी रिंग सर्वात खाली ब्रॅकेटजवळ असेल, तर संपूर्ण शॉकअपची लांबी बदलून उंची लावता येते. ही दुसरी रचना चांगली, कारण उंची बदलली तरी शॉकअपची चाल तशीच राहते.

ठेवायचे की काढायचे

गॅसने कापलेली स्प्रिंग, पुढचा ठोकळा, स्ट्रट किंवा आर्मवर वेल्डिंग, डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळा माल: यांपैकी काहीही असेल तर मूळचे सुटे भाग आणून बसवा. बाकीचे ठेवता येते, पण कायदा लक्षात घ्या. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीपासून गाडी वेगळी करायला मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात ते स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बदल आधीच्या मालकाने केला असला तरी आरसीवर आता नाव तुमचे आहे. नंबर एमएच ३१ असो, ४० असो की ४९, उंची बरीच वाढवलेली गाडी आरटीओत आणि विम्याच्या दाव्यात अडचणीची ठरू शकते. म्हणून ॲडजस्ट करता येणारे सस्पेन्शन मूळच्या उंचीच्या आसपास आणणे हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो. तसेही इथले गतिरोधक आणि सिमेंट रस्त्यांच्या उंच कडा पाहता खाली केलेल्या गाडीला नागपुरात सुख नाही.

उंची लावणे

काळ्या मातीत गेलेल्या गाडीचे आटे वाळून दगडासारखे झालेले असतात. पाण्याने आणि ब्रशने ते पूर्ण साफ करा, गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर राहू द्या. माती भरलेल्या आट्यांवर जोर लावला की ते मुडतात आणि मग ती रिंग कायमची अडकते.

रिंग आणि आटे यांवर मार्करने एक उभी रेघ ओढा. कितीही गोंधळ झाला तरी ही रेघ तुम्हाला मूळ जागी परत आणेल. दहा आट्यांची उंची टेपने मोजून दहाने भागा, म्हणजे एका फेऱ्यात किती मिलिमीटर फरक पडतो ते कळेल. बहुधा दीड ते दोन निघतो.

गाडी स्टँडवर घ्या, चाक लोंबू द्या, जखडणारी रिंग सोडा आणि बैठक फिरवा. डावी-उजवीकडे फेरे सारखेच द्या, तीन-चार फेऱ्यांपेक्षा जास्त एका वेळी नको. गाडी उतरवा, ढकलून पुढे-मागे करा, पुन्हा मोजा. पुढच्या स्ट्रटला रिंग जितकी हलेल जवळपास तितकीच उंची बदलते. मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो, तिथे हे गणित जुळत नाही, म्हणून भरवसा फक्त चाकाजवळच्या मापावर ठेवा. दोन रिंगांच्या रचनेत गाडी खाली आणताना एक तपासणी चुकवू नका: चाक पूर्ण लोंबत असताना स्प्रिंग हाताने हलली तर ती सैल आहे. ती बैठकीतून निसटू शकते, तेव्हा परत वर या.

टॉर्शन बारवाल्या थारमध्येही चाके लोंबती ठेवून दोन्ही बोल्ट सारखे फिरवायचे. आत घेतला की गाडी वर. मूळच्या उंचीपेक्षा इंचभराच्या वर जाऊ नका. त्यापुढे चाकाची खाली जाण्याची चाल संपते आणि ड्राइव्ह शाफ्टचे कोन बिघडतात.

हवी ती उंची आली की रिंगा जखडा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर कुठे घासतो का ते पाहा. चाक लोंबते असताना ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हेही बघा. आर्मचे बोल्ट सैल केले असतील तर ते गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. लोंबत्या अवस्थेत आवळले तर गाडी उतरल्यावर आतले रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. नवे बुश दोन महिन्यांत गेले अशी तक्रार येते, तेव्हा कारण बहुतेकदा हेच असते.

मागच्या एक्सलपासून चेसिसवरच्या ब्रेक व्हॉल्व्हकडे जाणारी एखादी लहान सळई किंवा स्प्रिंग दिसते का? बऱ्याच युटिलिटी गाड्यांत ती असते. मागे किती भार आहे हे त्या व्हॉल्व्हला तिच्याकडून कळते. गाडी उचलली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. गाडी दोन इंच उचलून या सळईकडे पाहिलेच नाही, असे फार ठिकाणी आढळते. ती त्या गाडीच्या मापाप्रमाणे पुन्हा लावून घ्या.

खटके मोजून शॉकअप लावणे

उंची पक्की झाल्यावरच नॉबला हात लावा. हलक्या हाताने पूर्ण कडक बाजूला न्या, जोर नको. मग उलटे फिरवत शेवटपर्यंत खटके मोजा. चारही शॉकअपचे खटके वहीत लिहा. एखाद्यात खटके कमी निघाले किंवा नॉब नुसताच फिरला तर तो शॉकअप आतून बिघडला आहे. सगळे ठीक असेल तर चारही मध्यावर ठेवा.

चाचणीला एकच रस्ता, एकच वेग, एकच हवा. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतला सुट्टीच्या दिवशीचा मोकळा सिमेंट रस्ता यासाठी चांगला, कारण त्याचे जोड ठरावीक अंतरावर येतात. समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगात प्रयोग करू नका. दहा-पंधरा किलोमीटर आधी चालवून घ्या, म्हणजे शॉकअपचे तेल गरम होते. तेल गरम झाले की पातळ होते आणि शॉकअप नरम वाटतो. डिसेंबरच्या थंड सकाळी लावलेले खटके मे महिन्यात म्हणूनच अपुरे पडतात.

गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी. दोन-तीन वेळा डुलत असेल तर त्या बाजूच्या जोडीला दोन खटके कडक करा. उलट, सिमेंटच्या प्रत्येक जोडावर दणका बसतो आणि एकामागून एक जोड आले की गाडी खाली खाली दबत जाते असे जाणवले, तर रिबाउंड जास्त आहे: चाक परत खाली येण्याआधीच पुढचा जोड येतो. दोन खटके नरम करा. एका वेळी एकच जोडी, पुढची किंवा मागची. दोन्ही एकदम बदलल्या तर कशामुळे काय झाले ते कळत नाही. एकट्याने जमल्यावर घरचे चार जण आणि सामान घेऊन तीच चाचणी पुन्हा करा, कारण पचमढी किंवा शेगावला तुम्ही एकटे जाणार नाही.

चाल पुरते की नाही हे कळायला शॉकअपच्या रॉडवर एक केबल टाय घट्ट बांधा आणि तो शॉकअपच्या अंगापर्यंत खाली सरकवा. नेहमीच्या रस्त्यावरून फिरून या. टाय वर सरकत बंप स्टॉपपर्यंत गेला असेल तर गाडी फार खाली आहे किंवा स्प्रिंग नरम आहे. त्यावर शॉकअप कडक करणे हा उपाय नव्हे, उंची वाढवा.

अलाइनमेंट आणि नंतर

उंची बदलली की टो आणि कॅम्बर बदलतातच, त्यामुळे व्हील अलाइनमेंट सर्वांत शेवटी. आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. टो कंपनीच्या मर्यादेत हवा आणि डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको. कॅम्बर लागत नाही असे उत्तर मिळाले तर ते खरे असू शकते, अनेक लहान गाड्यांत मूळची सोयच नसते. अशा वेळी कॅम्बर बोल्ट बसवता येतो. त्यासाठी स्ट्रट ठोकून वाकवू देऊ नका. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्या. मागून बसलेली गाडी सरळ केली की झोत रस्त्यावर फार जवळ पडतो, आणि पुढून उचलली की समोरच्याच्या डोळ्यात जातो.

साधारण दोनशे किलोमीटर चालल्यावर रिंगा, यू-बोल्ट आणि शॉकअपचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा आणि चारही कोपऱ्यांची उंची पुन्हा लिहा. पावसाळा सुरू होण्याआधी आटे साफ करून त्यांवर मेणासारखा जाड स्प्रे मारा. पातळ तेल नको, त्यावर माती आणखी चिकटते. शेतरस्त्यावरून परतल्यावर पाण्याचा फवारा चाकाच्या आतल्या बाजूलाही मारा, आणि दिवाळीच्या सुमारास एकदा नॉब शेवटपर्यंत फिरवून पुन्हा आपल्या खटक्यावर आणा, म्हणजे तो जाम होत नाही.